वाढत्या अंगाचा कॉस्च्युम

लहान पोरांनी पोहण्याच्या शर्यतीत तो अंगाला चिकटणारा, गुडघ्यापर्यंतचा, महागडा रेसिंग कॉस्च्युम घालावा की घालू नये, यावरून आमच्या टँकवर एके काळी जेवढी भांडणं झाली तेवढी ऊसदरावरूनसुद्धा झाली नसतील. माझं मत तेव्हा कुणी विचारलं नाही. मी दहा वर्षांची होते, आणि दहा वर्षांच्या पोरीला मत असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. आता विचारलं तर मी सांगेन, अजिबात घालू नये. आणि लगेच हेही सांगेन की मी घातला होता, आणि पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा घालीन. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. पप्पा बिद्रीला साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, आई दवाखान्यात नर्स. मी पोहायला शिकले ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी, गडमुडशिंगीला पप्पांच्या एका मित्राच्या मळ्यातल्या विहिरीत. आमच्याकडं पोहायला शिकवायची पद्धत म्हणजे पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि पोराला काठावरनं ढकलून द्यायचं. पप्पांनीही तेच केलं. आईला पोहता येत नव्हतं. ती विहिरीच्या वरच्या पायरीवर टॉवेल घेऊन बसायची आणि मी पाण्यात पडले की बोंब मारायची, "अवो, पोरगी बुडाली की!" पप्पा म्हणायचे, "बुडू दे की. येतीया वर, जातीया कुठं?"

मी वर यायचे. मग आई मला त्या टॉवेलात गुंडाळायची आणि डोकं पुसायला घ्यायची. पुसायची म्हणजे काय, भांडं घासल्यासारखं खसाखसा. कान लाल व्हायचे, मान हलायची, मी ओरडायचे. "गप. सर्दी झाली की मलाच निस्तरायचंय," ती म्हणायची. विहिरीपेक्षा मला त्या टॉवेलाची जास्त भीती वाटायची.

मी आठ वर्षांची असताना आई दुबईला गेली. तिथल्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती, दोन वर्षांचा करार होता आणि आम्हाला स्वतःचं घर बांधायचं होतं. जाताना ती म्हणाली, "दोन वर्षं म्हणजे काय गं, अशी जातील." आणि तिनं चुटकी वाजवली. त्या चुटकीचा मला आजही राग येतो. तिनं नुसतं रडायला पाहिजे होतं, निदान मला रडता आलं असतं.

आई गेल्यावर मला टँकवर घातलं. पोहण्यात मी फार हुशार होते म्हणून नव्हे, संध्याकाळी मला सांभाळायला घरात कुणी नव्हतं म्हणून. पप्पांची ड्यूटी कधी दिवसाची, कधी दुपारची. शाळेतनं यायचं, गळ्यातल्या किल्लीनं कुलूप काढायचं, शेजारच्या काकूंनी ठेवलेलं दूध प्यायचं आणि पिशवी घेऊन चालत टँकवर जायचं. पाण्यात असेपर्यंत सगळं बरं असायचं. पाण्यात सगळेच एकटे असतात, तिथं कुणाची आई नसते. पण शिट्टी वाजली, आम्ही पोरी बाहेर आलो, की काठावर एकेकीची आई टॉवेल पसरून उभी असायची. मी माझा टॉवेल पिशवीतनं काढायचे आणि स्वतःचं डोकं स्वतः पुसायचे. ते कधीच नीट कोरडं व्हायचं नाही. त्या वर्षी माझं नाक बारा महिने गळत होतं.

दर शुक्रवारी आईचा फोन यायचा. तिकडं शुक्रवारी सुट्टी. पप्पा फोनवर असे ओरडून बोलायचे की जणू दुबईपर्यंत आवाज स्वतःच पोचवायचा आहे. आई पहिला प्रश्न हाच विचारायची, पोरगी जेवते का, वाढली का. आणि आमचे पप्पा म्हणजे अस्सल कोल्हापुरी. अर्धी भाकरी खाल्ली तर चार सांगणार. "पोरगी व्हय? अगं काय सांगू तुला, ताडमाड वाढलीया! दारातनं वाकून येतीया आता! तू वळखणार न्हाईस!"

मी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांत पुढं उभी असायचे. म्हणजे सगळ्यांत बुटकी. पण फोन माझ्या हातात आला आणि आईनं विचारलं, "खरंच एवढी मोठी झालीस गं?" की मी म्हणायचे, "व्हय, लई." पप्पा माझ्याकडं बघून मान हलवायचे, शाब्बास. आईला बरं वाटावं म्हणून ते खोटं बोलायचे, त्यांना बरं वाटावं म्हणून मी, आणि आई तिकडनं सांगायची की ती अगदी मजेत आहे, खोलीत एसी आहे, मैत्रिणी चांगल्या आहेत. फोन ठेवला की पप्पा आणि मी आमटी-भात खायला बसायचो आणि हात धुवेपर्यंत एकमेकांशी बोलायचो नाही.

दोन वर्षं संपली. आई आली नाही. करार वाढवला होता, घराचं काम अर्ध्यावर होतं, अजून थोडं, अजून थोडं. मी फोनवर यायचं बंद केलं. फोन वाजला की मी मोरीत जाऊन नळ सोडून बसायचे. पप्पांनी बाबापुता केलं, दम दिला, शेवटी एका शुक्रवारी मला उचलून फोनसमोर उभं केलं. आई पलीकडनं म्हणाली, "हे बघ, जिल्ह्याच्या शर्यती आहेत ना तुझ्या उन्हाळ्यात? पहिल्या दोघींत आलीस की राज्याला निवड होणार. तुझी निवड झाली की मी रजा टाकून येणार. तुझी शर्यत बघायला. शब्द देते."

मी विचारलं, "चुटकी वाजवून?"

तिला ती चुटकी आठवली असणार. मग म्हणाली, "नाही. खरा शब्द."

झालं. त्या दिवसापासून मी पाण्यात असे हात मारायला लागले की आमचे सर बघतच राहिले. सर म्हणजे टँकवर पोहायला शिकवणारे. तरुणपणी तालमीत घुमलेले, मान खांद्यात गेलेली, गळ्यात शिट्टी आणि तोंडात शिव्या. पोरींसमोर मात्र शिवी अर्धीच द्यायचे, उरलेली अर्धी पाण्यात थुंकायचे. ते पप्पांना म्हणाले, "पावणं, तुमची पोरगी माशाला पाणी पाजंल. पन्नास मीटरला दुसरी येती बघा. पहिल्या नंबराचं मी सांगत न्हाई."

पहिल्या नंबराचं ते सांगत नव्हते कारण पहिली ठरलेली होती. आमच्यातल्या एका पोरीची आई डॉक्टर होती. पोरगी लांब हातांची, चांगली पोहणारी, स्वभावानंही गरीब. तिच्या आईनं पुण्याहून तिच्यासाठी तो कॉस्च्युम आणला. तोपर्यंत आम्ही सगळ्या झालरीचे कॉस्च्युम घालायचो, फुलाफुलांचे, कमरेला छोटा घागरा असलेले. माझा जांभळा होता, धुऊन धुऊन पांढरट झालेला. आणि हा काळाभोर, गुडघ्यापर्यंतचा, दोन्ही बाजूंना निळे पट्टे. तो अंगात चढवायला तिची आई आणि मावशी अशा दोघी लागायच्या. पायात आधी प्लास्टिकच्या पिशव्या घालायच्या, म्हणजे कापड सरकतं. मग एकीनं वर ओढायचं, दुसरीनं पोरीला धरायचं. पोरगी कण्हायची. आम्ही बाकीच्या कपडे बदलायच्या खोलीत दाराला टेकून बघत राहायचो.

आणि मग टँकवर भांडण पेटलं. आणखी दोघा-तिघांच्या आयांनी तसलेच कॉस्च्युम मागवले. कुणी म्हणालं त्यानं सेकंद वाचतो, कुणी म्हणालं परदेशात सगळी पोरं घालतात. सर भडकले. एका संध्याकाळी सगळे आईबाप कट्ट्यावर बसलेले असताना त्यांनी आवाज चढवला.

"लांग घट्ट आवळली म्हणून कुस्ती निघती व्हय? ल्हान पोरांचं अंग हे. आज मापलं, उद्या वाढलं. ह्यास्नी आधी हात कसा टाकायचा ते शिकू दे की! पोरगं जिंकलं तर म्हणणार कपड्यानं जिंकलं. हरलं तर म्हणणार, कपडा न्हवता म्हणून हरलं. मग त्यात पोरगं कुठं ऱ्हायलं?"

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, पण मुलीचा आत्मविश्वास वाढतो हो."

"आत्मविश्वास काय दुकानात मिळतुया?"

"मिळत असेल तर का घेऊ नये?"

सर पाण्यात थुंकले. खरं सांगते, मला त्या वयातही दोघांचं पटलं होतं. पप्पाही दोन्हीकडं माना डोलवत "खरं हाय, खरं हाय" म्हणत होते. घरी जाताना स्कूटरवर मात्र म्हणाले, "आम्ही पंचगंगेत चड्डीवर पवलो. काय बुडलो न्हाई."

मी पुढच्या शुक्रवारी आईला सगळं सांगितलं. मागितला नव्हता हं मी. नुसतं सांगितलं, पिशव्या कशा घालतात, कसं ओढतात, ती पोरगी कशी कण्हते. दहा वर्षांची पोरगी नुसतं सांगते म्हणजे काय करते, हे कुठल्याही आईला कळतं. ती म्हणाली, "मी पाठवते. इथं मोठमोठी दुकानं आहेत. वाढत्या अंगाचाच घेते, एवढी महागाची वस्तू एका हंगामात वाया नको जायला."

वाढत्या अंगाचं. आमच्या घरात कुठलीही गोष्ट दुसऱ्या मापाची आल्याचं मला आठवत नाही. शाळेचा फ्रॉक पिंढरीपर्यंत, स्वेटरच्या बाह्या दुमडलेल्या, बुटात पुढं कापूस. पोर वाढणार, म्हणून कपडा आधीच मोठा. तो मापात येतो तेव्हा विटलेला असतो आणि मग पुढचा मोठा येतो. म्हणजे नवा कपडा मापाचा असा बालपणात कधी मिळतच नाही. पण ही रीत होती आणि रीतीला कोण विचारतं?

आईबरोबर काम करणारी एक नर्स गडमुडशिंगीची होती. ती सुट्टीवर आली तेव्हा आईनं तिच्याबरोबर पिशवी पाठवली. पप्पा आणि मी स्कूटरवरनं आणायला गेलो. तिच्या घरी गर्दी होती. ती सोप्यात खुर्चीवर बसली होती आणि तिची पोरगी, माझ्यापेक्षा मोठी, चांगली घोडी, तिच्या मांडीवर बसली होती. पोरीचे पाय जमिनीला टेकत होते तरी ती उतरत नव्हती. मी तिच्याकडं बघितलंच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले.

नर्सबाईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा जरासा पडला. "ही व्हय ती?" त्या पप्पांना म्हणाल्या. मग हसून मला जवळ ओढलं. "अगं, तुझ्या आईनं दुकानात मलाच उभं केलं की! माझ्या अंगाला लावून लावून बघितलं. म्हणाली, माझी पोरगी आता एवढी झाली असंल. दुकानदार हसाय लागला."

त्या बाई बुटक्या होत्या. पण बाई होत्या.

घरी येऊन मी कॉस्च्युम घातला. प्लास्टिकच्या पिशव्या लागल्या नाहीत. कण्हावं लागलं नाही. पाय घातले आणि तो आपोआप वर आला, पायजम्यासारखा. खांद्यावरचे पट्टे कोपरापर्यंत घसरत होते, पोटावर चुण्या, मागं झोळ. त्याला आईच्या बॅगेचा वास होता, साबणाचा आणि दवाखान्याचा. मी आरशासमोर उभी राहिले आणि मला कळलं की आईच्या डोळ्यांपुढं जी पोरगी आहे ती मी नाही. तिकडं तिची एक वेगळीच पोरगी आहे, उंच, भरलेल्या अंगाची, दारातनं वाकून येणारी. मला त्या पोरीचा हेवा वाटला.

पप्पा दारात उभे होते. त्यांनाही कळलं असणार, कारण त्यांनी डोळे चोळले आणि एकदम मोठ्यानं म्हणाले, "चांगलाच हाय की! वाढत्या अंगाचा हाय!" मग त्यांनी जुन्या पायजम्याची नाडी ओढून काढली आणि दोन्ही पट्टे पाठीवर एकत्र घेऊन गाठ मारली. अशी करकचून, जणू विहिरीत ढकलायच्या आधी डबाच बांधत होते.

शर्यतीच्या सकाळी पप्पांनी माझ्याकडनं बुद्धवंदना म्हणवून घेतली आणि आम्ही निघालो. टँकवर मंडप, लाऊडस्पीकर, बाहेरगावची पोरं, आणि सगळीकडं आया. कपडे बदलायच्या खोलीत मी एकटीच कोपऱ्यात कॉस्च्युम चढवला. गाठ मात्र माझी मला मारता येईना. पप्पांना आत येता येत नव्हतं, ते दाराबाहेरनं ओरडत होते, "झालं काय गं? गाठ बसली का?" डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं. त्या आपल्या पोरीला सोडून माझ्याकडं आल्या, माझी नाडी बांधली आणि पोटावरची चुणी चिमटीत धरून म्हणाल्या, "बाळ, हा तुझ्यासाठी फार मोठा आहे गं. आईला कळलं नाही का?"

"मुद्दाम मोठा घेतलाय," मी म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की खोलीतल्या सगळ्या वळून बघायला लागल्या.

बाहेर सरांनी मला बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ह्यो कॉस्च्युम न्हाय, पोतं हाय पोतं! उडी मारलीस की पाणी भरंल. जा, तुझा जांभळा घाल. त्यात तू दुसरी येतीस, डोळं झाकून सांगतो."

"न्हाय. ह्योच."

"अगं पण—"

"ह्योच घालणार."

पप्पा माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यांच्या हातात माझा जुना कॉस्च्युम होता. ते हळू आवाजात म्हणाले, "आई याय पायजे का न्हाय तुला? दुसरी आलीस की येणार हाय ती. ऐक माझं."

पाहिजे होती. दुसरं मला काहीच नको होतं. आणि म्हणूनच मी तो काढला नाही. आईनं एवढ्या लांबनं पाठवलेल्या वस्तूनं माझं वाईट होईल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. सर काहीही म्हणोत, माप चुकलं असेल, झोळ असेल, पण तो आईनं माझ्यासाठी घेतलाय आणि आई यावी म्हणूनच मी पोहणार आहे, मग तो मला हरवेल कसा? आणि तिचा कपडा काढून ठेवायचा, झालरीचा घालायचा, आणि जिंकून तिला बोलवायचं, हे मला तिच्याशी बेइमानी केल्यासारखं वाटत होतं. हे सगळं मला आज सांगता येतं. तेव्हा मी फक्त नाक ओढत उभी होते.

शिट्टी वाजली. मी उडी मारली. पाण्यात शिरले त्या क्षणी गळ्यातनं पाणी आत घुसलं आणि पोटावर पखाल भरावी तसा कॉस्च्युम फुगला. मी हात मारत होते आणि कुणीतरी मला मागनं धरून ठेवत होतं. गाठ सुटली नाही, पप्पांची नाडी पक्की होती. सुटली असती तर बरं झालं असतं. मी डोकं वर काढलंच नाही, श्वाससुद्धा कमी घेतले, शेवटच्या टप्प्यात तर डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंतीला हात लावला आणि शेजारच्या लेनकडं बघितलं. तिथल्या इचलकरंजीच्या पोरीचा हात आधीच भिंतीवर होता. माझा आणि तिचा फरक एवढाच, एक वीत. ती झालरीच्या कॉस्च्युममध्ये होती.

मी तिसरी आले. टँकमधनं वर चढले तर दोन्ही गुडघ्यांतनं धो धो पाणी वाहायला लागलं. कट्ट्यावरनं कुणीतरी ओरडलं, "टाकी फुटली की रं!" लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्याकडं फेकला आणि तोंड फिरवून दुसऱ्या पोरांवर खेकसायला लागले.

पप्पा कॅमेरा घेऊन आले. आईला फोटो पाठवायचा होता. त्यांनी बघितलं, कॉस्च्युम पुढनं लोंबत होता. ते म्हणाले, "मागनं मुठीत धर जरा. हां, आवळून धर. आता हस." मी उजवा हात मागं नेला, सगळा झोळ मुठीत गोळा केला आणि हसले. त्या फोटोत मी ऐटीत एक हात कमरेमागं घेऊन उभी आहे आणि कॉस्च्युम अंगाला असा बसलाय की जणू माप घेऊन शिवलाय. मागं काही नाही, नुसतं आकाश. माझ्या शेजारी कुणीही नाही, त्यामुळं मी किती उंच आहे ते कुणालाच कळणार नाही.

शुक्रवारी पप्पांनी फोनवर सांगितलं, थोडक्यात गेलं. कॉस्च्युमचं काही सांगितलं नाही. आई म्हणाली, "असू दे, पुढच्या वर्षी." मी विचारलं नाही की मग तू येणार का. विचारायचं काय त्यात? फोटो पोचला तेव्हा मात्र तिचा मधल्या वारीच फोन आला. तिचा आवाज एवढा आनंदी मी कधी ऐकला नव्हता. "किती छान बसलाय गं! बघ, माझं माप बरोबर निघालं का नाही! मी म्हणतच होते, एवढी झाली असेल. आईला कळतं, लांब असलं तरी कळतं."

"व्हय," मी म्हणाले.

फोन ठेवून मी मोरीत गेले आणि नळ सोडून बसले.

पुढच्या वर्षी टँकवर लहान पोरांना तसले कॉस्च्युम बंद केले. सरांनीच भांडून करून घेतलं. डॉक्टरीणबाईंच्या पोरीला तिचा तोपर्यंत लहानही झाला होता, मांड्यांवर वळ उठायचे. माझा मात्र कपाटात तसाच घडी घालून होता. दर महिन्याला मी तो घालून बघायचे. मी दूध प्यायचे, दाराच्या चौकटीला लोंबकळायचे, काकूंनी सांगितलेले सगळे उपाय करायचे. आमच्याकडची माणसं आखूडच, मी काय करणार?

आई आली ती त्यानंतरच्या पावसाळ्यात. घर बांधून झालं होतं. ती मुंबईला उतरून रात्रीच्या रेल्वेनं येणार होती आणि आम्ही सकाळी कोल्हापूर स्टेशनवर गेलो. मी फ्रॉकच्या आत तो कॉस्च्युम घातला होता. का ते मला पप्पांनी विचारलं नाही. नुसती पाठ वळवायला सांगितली आणि नाडीची गाठ मारली, त्याच जुन्या नाडीची.

गाडी लागली. आई डब्याच्या दारात दिसली. ती जाड झाली होती आणि तिनं केस कापले होते, पण मी एका क्षणात ओळखली. ती खाली उतरली, बॅगा ठेवल्या आणि शोधायला लागली. तिची नजर माझ्यावरनं गेली. माझ्यावरनं म्हणजे माझ्या डोक्यावरनं. ती वर बघत होती, हवेत, जिथं तिच्या पोरीचा चेहरा असायला पाहिजे होता तिथं. चहाच्या गाड्यापाशी एक उंच पोरगी पाठमोरी उभी होती, दोन वेण्या घातलेली. आई हसली. दोन्ही हात पसरून, रडत-हसत, ती त्या पोरीकडं चालायला लागली.

पप्पा ओरडले, "अगं! हिकडं की! हिकडं!"

ती वळली. तिनं पप्पांना बघितलं, आणि मग नजर खाली आणली. खाली, आणखी खाली. मी हललेच नाही. तीच आली. तिनं मला छातीशी धरलं आणि तिचा हात माझ्या पाठीवरनं फिरता फिरता फ्रॉकखालच्या गाठीवर थांबला. तिनं ती बोटांनी चाचपली.

"हे काय गं?"

"नाडी."

"कशाची?"

मी फ्रॉकची मान ओढून तिला काळा पट्टा दाखवला. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "पण फोटोत तर..."

"फोटोत मागनं मुठीत धरला होता."

पप्पा आमच्याकडं पाठ करून बॅगा मोजायला लागले. आई तिथंच फलाटावर, बॅगेवर बसली, आणि आता तिचं तोंड बरोबर माझ्या तोंडासमोर आलं. मग तिनं खांद्यावरची ओढणी काढली, माझ्या डोक्यावर टाकली आणि पुसायला लागली. खसाखसा, कान लाल होईपर्यंत, मान हलवत.

डोकं कोरडं होतं. मी ओरडले नाही.